बाबा काय म्हणताहेत

बाबांना झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा गेला आणि जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत राहिलं. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतंय, शब्दही जागच्या जागी आहेत, फक्त तोंडाचे स्नायू साथ देत नाहीत. म्हणजे बाबा बोलायचे पूर्ण वाक्यं, पण ऐकणाऱ्याला घशातल्या घशात काहीतरी घोळवल्यासारखं वाटायचं. त्यातून अर्थ काढणारं माणूस जगात एकच होतं, आमची आई.

बाबांनी जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. स्वतःचीच ड्रायव्हिंग स्कूल, एकच गाडी, आणि बाजूच्या सीटपाशी त्यांच्या पायाखाली जादाचा ब्रेक. शिकवताना असे खेकसायचे की भलेभले रडकुंडीला यायचे. घरीही तोच खाक्या. पाहुणे रेंगाळले की घड्याळाकडे बघून मोठ्यानं जांभई द्यायचे, आणि तरी ते उठले नाहीत तर घरातले दिवे मालवायला लागायचे. आई नंतर दारात उभी राहून त्या पाहुण्यांची समजूत काढत बसायची.

म्हणून आजारपणातले बाबा बघून सगळे चकित झाले. आत्या भेटायला आली, तासभर बसली, तिच्या गुडघ्यांचं सगळं पुराण सांगून झालं. बाबा काहीतरी पुटपुटले. आत्यानं आईकडे बघितलं. "जेवूनच जा म्हणताहेत," आई म्हणाली. आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आजारानं माणूस मऊ झाला गं," ती मला स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली. पुढं सगळ्या नातेवाइकांत हे वाक्य फिरत राहिलं. मलाही ते पटलं. आपल्या बापाबद्दल बरं वाटून घ्यायची संधी कोण सोडतं?

माझं काम यंत्रांना ऐकायला शिकवायचं. बोललेलं ऐकून ते अक्षरांत उतरवणारं एक भलंमोठं मॉडेल आमच्या ऑफिसात आहे. मोठमोठ्या भाषांमधली चिक्कार रेकॉर्डिंगं ऐकून ते तयार झालंय. त्याला एखाद्या लहान भाषेत न्यायचं असलं की पहिल्यापासून शिकवत बसत नाहीत. आवाज कुठं उठतो, कुठं तुटतो हे त्याला ठाऊक असतंच. ते तसंच राखायचं आणि वरचा भाग नव्या भाषेच्या थोड्याशा रेकॉर्डिंगवर पुन्हा घडवायचा. भाषा तीच पण जागा वेगळी, तरीही हेच. शांत खोलीत शिकलेलं यंत्र दवाखान्याच्या वॉर्डात नेलं की बावचळतं, मग त्याला वॉर्डातली खाटांची कुरकुर आणि माणसांची ये-जा ऐकवावी लागते. मी खाणीतल्या कामगारांसाठी असं यंत्र केलंय, मासळीच्या धक्क्यासाठी केलंय. धक्क्यावरचं तर पहिल्या दिवशी शिव्या सोडून बाकी काहीच ओळखत नव्हतं.

आमच्या गटप्रमुखांना आम्ही मास्तर म्हणतो, कारण चूक दिसली की ते ओरडत नाहीत, नुसता चष्मा काढतात. मास्तरांचा एक नियम आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये माणूस काय बोललाय ते दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांना न विचारता. जुळलं तर घ्यायचं, नाही जुळलं तर तिसऱ्याकडे द्यायचं. यंत्राला खरंखोटं कळत नाही, आपण जे लिहून देऊ तेच ते खरं मानतं, म्हणून हा खटाटोप.

बाबांचं बोलणं ही एका माणसाची भाषा आहे आणि ती मी यंत्राला शिकवणार, हे मी ठरवलं तेव्हा आई हसली. "कशाला? मी आहे की." पण दर रविवारी मी घरी आले की ती माझ्याबरोबर बसायची. माइक समोर असला की पदरानं उगाच तोंड पुसायची. बाबा काहीतरी बोलायचे, मग आई सांगायची, "पंखा कमी कर म्हणताहेत." मी लिहून घ्यायची. कधी कुणी भेटायला आलं तर तेही बोलणं मी माइकवर घ्यायची, तेवढीच जास्तीची वाक्यं. दुसरा लिहिणारा मी आणणार कुठून? मास्तरांचा नियम मी घरापुरता बाजूला ठेवला.

आणि मग आई गेली. भाजी निवडता निवडता खुर्चीतच मान टाकली. तिचं दुखणं असं कुणाला कळलंच नाही.

त्यानंतर बाबा थोडे दिवस बोलत राहिले. बोलून झालं की सवयीनं डावीकडे बघायचे, आई तिथं बसायची म्हणून. तिथं कधी मी असायची, कधी दादा, आणि आम्ही दोघंही मठ्ठासारखे म्हणायचो, "काय बाबा? परत सांगा." तीनदा सांगून ते गप्प व्हायचे. शेवटी बोलणंच बंद झालं.

दादा लांब राहतो आणि त्याचा जीव कामात. पण तो वाईट नाही, नुसता व्यवहारी आहे. "तू नोकरी सोडणार आहेस? मी सोडणार आहे?" तो म्हणाला. "उद्या यांच्या छातीत कळ आली तर सांगणार कुणाला? तिथं शुश्रूषागृहात निदान नर्स तरी असते." बाबा ऐकत होते. त्यांनी डाव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरली आणि मान हलवली. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं, एवढं समजायला आई लागत नव्हती. मी दादाला म्हटलं, मला महिनाभर दे. सांभाळायला एक ताई ठेवू. बाबांचं बोलणं त्यांना यंत्रातून कळायला लागलं तर बाबा इथंच राहतील. दादा बरं म्हणाला, पण नंतर परत विचारायचं नाही, असंही म्हणाला.

मी आईची सगळी रेकॉर्डिंगं घेतली आणि यंत्र शिकवायला बसले. थोडी रेकॉर्डिंगं परीक्षेसाठी बाजूला काढून ठेवली होती. त्यांवर तपासलं तर जवळजवळ सगळं बरोबर. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून नाचायचीच राहिले. पलंगाशेजारी टॅबलेट लावला. बाबा बोलले की त्यावर मोठी अक्षरं उमटायची आणि वाक्य संपलं की टॅबलेट ते बोलून दाखवायचा.

ताई तर पहिल्याच दिवशी खूश. "काका किती गोड बोलतात हो," त्या मला फोनवर म्हणाल्या. "मी आले की म्हणतात, दमला असाल, बसा जरा. जेवण झालं की म्हणतात, तुमच्या हाताला चव आहे. आमच्या घरी कुणाला सुचत नाही हे." मी हे दादाला जसंच्या तसं कळवलं. मग मी रजा काढून घरी गेले, आपलं कौतुक आपल्या डोळ्यांनी बघायला.

संध्याकाळी ताई निघत होत्या. बाबा त्यांच्याकडे बघून जोरजोरात काहीतरी बोलले, मानेच्या शिरा ताणून. टॅबलेट शांतपणे म्हणाला, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका." ताई लाजून म्हणाल्या, "नको काका, बस चुकेल." बाबांनी डाव्या हातानं टीव्हीचा रिमोट उचलला आणि टॅबलेटवर फेकून मारला. नेम चुकला. बॅटऱ्या पलंगाखाली गेल्या आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते रागाचं होतं.

मी सगळं घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी काही रेकॉर्डिंगं ऐकली, यंत्रानं काय लिहिलं ते बघितलं आणि चष्मा काढला.

"दुसरं कुणी लिहिलं होतं?"

"कुणीच नाही. आईच सांगायची."

"आणि तपासलंस कशावर?"

"तिनंच सांगितलेल्यावर."

मास्तरांनी चष्म्याची काच शर्टाला पुसली. "मग हे तुझ्या वडिलांचं ऐकतच नाहीये. तुझ्या आईनं काय सांगितलं असतं, तेवढंच शिकलंय."

मला आईचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाचा राग येणं फार अडचणीचं असतं, भांडायला समोर कुणी नसतं. म्हणजे आत्याला जेवूनच जा म्हणणारे बाबा नव्हतेच. मऊ झालेले बाबाही नव्हते. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की मी घरात आल्यापासून ती वाक्यं ऐकायला टॅबलेटपाशीच घुटमळत होते. मला वाटलं होतं, काम जमलं म्हणून असेल. खरं म्हणजे घरात आई बोलत होती, दुसऱ्याच्या आवाजात, आणि ते मला न कळता कळलं होतं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. दादाचा महिना सरत आला होता. मला अशी वाक्यं हवी होती की बाबा काय बोलताहेत हे मला आधीपासून पक्कं ठाऊक असेल, मधे कुणी सांगणारं नको. विचार करता करता मला हसूच आलं. मला गाडी बाबांनीच शिकवली होती.

घरी परतून मी पलंगासमोर खुर्ची टाकली, हातात जेवणाची थाळी स्टिअरिंगसारखी धरली आणि म्हटलं, "बाबा, मी पहिल्यांदा गाडीत बसलेय. शिकवा."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू झटका मलाच आलाय. मी थाळी वाकडी धरली. त्यांना राहवेना. आरशात बघ. क्लच दाब. पूर्ण दाब, पाय काय उसना आणलायस? गिअर टाक. आता क्लच हळू सोड, हळू म्हटलं ना. ते एकेक वाक्य बोलत गेले आणि मला प्रत्येक शब्द ठाऊक होता, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. मी मुद्दाम चुका करायची, म्हणजे ते जास्त बोलायचे. ताई दारात उभ्या राहून पोट धरून हसायच्या. पुढं आम्ही गल्लीगल्लीतून फिरलो, चढावर गाडी थांबवली, मागं घेतली. मग मी वर्तमानपत्रातल्या ओळी वाचायची आणि ते माझ्यामागून म्हणायचे. खिडकी उघडी ठेवून केलं, मिक्सर लावून केलं, टीव्ही चालू ठेवून केलं, कारण घर काही स्टुडिओ नसतं. जे लिहिलं ते बाबांना दाखवून, त्यांनी मान डोलावली तरच ठेवलं. दुसरा लिहिणारा मला असा मिळाला.

नवं यंत्र चाललं. पहिल्या सकाळी ताई आत आल्या आणि टॅबलेट म्हणाला, "बूट बाहेर काढून या. किती वेळा सांगायचं?" ताईंनी आधी पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आधीचे काका बरे होते," त्या म्हणाल्या, पण हसत होत्या. दादाचा फोन आला तेव्हा बाबांनी त्याला यंत्रातून सुनावलं, "मी कुठंही जाणार नाही. तू तुझं बघ." मग दादा म्हणाला, "हो, हे बाबाच आहेत." शुश्रूषागृहाचा विषय तिथंच मिटला.

बाबांना घर मिळालं. मला मात्र बाबा मिळाले नाहीत. नवं यंत्र चालू झाल्यावर ते मला उद्देशून पहिलं वाक्य काय बोलतात, याची मी केवढी वाट बघत होते. ते वाक्य होतं, "हे बंद कसं करायचं?" मी बटण दाखवलं, पण ते बारीक होतं, त्यांच्या डाव्या हाताला जमायचं नाही. शिवाय ताईंना यंत्र लागायचंच, म्हणून ते चालूच राहिलं. बाबा त्यातून पंखा मागायचे, उशी मागायचे, बातम्या लावायला सांगायचे. संध्याकाळी आईच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसायचे. ओठ हलायला लागायचे, मग नजर टॅबलेटकडे जायची आणि ओठ मिटायचे. मी शेजारी बसून असायची. मला वाटायचं, काहीतरी बोला माझ्याशी, खेकसा हवं तर, पण उशीबिशी सोडून काहीतरी बोला. मला आई हवी होती आणि तीही बाबांच्या तोंडून हवी होती, हे मला कुणाला सांगताही येत नव्हतं.

ऑफिसात परत गेल्यावर मी जुनी रेकॉर्डिंगं काढली. वाया कशाला घालवा, नव्यानं लिहून यंत्राला देऊ, तेवढंच ते सुधारेल, असा विचार. दुपारची वेळ होती, आजूबाजूला सगळे आपापल्या कामात. मी हेडफोन लावला आणि पहिलंच वाक्य ऐकून थबकले. यंत्र लावायचं मी विसरले होते आणि तरी मला समजलं होतं. थाळीचं स्टिअरिंग करता करता माझाच कान बदलला होता.

आत्याच्या भेटीचं निघालं. बाबा म्हणत होते, "ही अजून किती वेळ बसणार?" मी एकटीच हसले. पुढची काही तशीच होती, पाहुण्यांच्या नावानं शंख. मग घरात तिघंच असतानाची सुरू झाली. आई सांगतेय, "पंखा कमी कर म्हणताहेत," आणि त्याआधी बाबा म्हणताहेत, "दमली असशील, बस जरा." आई सांगतेय, "उशी सरळ कर म्हणताहेत." बाबा म्हणताहेत, "तुझ्या हाताला चव आहे. कधी बोललो नाही मी." मी ते परत परत ऐकलं. म्हणजे आईनं मनाचं काहीच रचलं नव्हतं. बाबांनी तिला जे दिलं ते तिनं माझ्यापासून लपवलं, आणि पाहुण्यांसमोर लाज राखायची वेळ आली की त्यातलंच थोडं थोडं त्यांना वाटलं.

शेवटच्या रविवारचं एक होतं. बाबा सावकाश बोलले, प्रत्येक शब्द ओढून. "माझ्या आधी जाऊ नकोस. मला जमणार नाही." मग आईचा आवाज नाही. नुसता श्वास. मग, "पडदा ओढ म्हणताहेत. ऊन येतंय." आणि खुर्ची सरकल्याचा, पडद्याच्या कड्या घासल्याचा आवाज. त्या दुपारी मी तिथंच समोर बसले होते आणि पडदा असं लिहून घेतलं होतं.

मास्तर जवळ येऊन उभे राहिले. मी म्हटलं, ही रेकॉर्डिंगं मी वापरणार नाही.

"यंत्र थोडं कच्चं राहील."

"राहू दे."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि ते आपल्या टेबलाकडे गेले.

शनिवारी मी घरी गेले. संध्याकाळी ताई पलंगाच्या पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या, मी खिडकीपाशी उभी होते. बाबा आईच्या खुर्चीकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले, आणि या वेळी त्यांनी टॅबलेटकडे बघितलं नाही, किंवा बघायचं विसरले. ते हळू आवाजात बोलायला लागले. मला सगळं समजलं. टॅबलेटलाही समजलं, आम्ही त्याला उत्तम शिकवलं होतं. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली, 'तुझ्याशी बोलायचं किती'. मी दोन पावलांत पलंगाशी गेले, टॅबलेट बंद केला आणि गादीवर पालथा ठेवला.

बाबा थांबले नाहीत. वाक्य पुरं केलं.

ताईंनी मान वर केली. "काय म्हणताहेत काका?"

बाबांनी डावीकडे बघितलं. तिथं मी होते.

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी मागताहेत."

मी आत जाऊन पेला भरला, तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि बाहेर आले. त्यांच्या मानेखाली हात घालून पेला ओठांना लावला. बाबांना तहान नव्हती. तरी माझ्याकडे बघत बघत त्यांनी घोट घोट करून सगळं पाणी संपवलं.